इंदूरहून अनिरुद्धास : पाण्याच्या हिशेबाविषयी

इंदूर,
१७ ऑगस्ट

प्रिय अनिरुद्ध,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ‘पाणी उताराकडे वाहते, एवढे शिकण्यासाठी विद्यापीठात दोन वर्षे कशाला घालवायची?’ असे तू विचारले आहेस. प्रश्न खोडसाळ असला तरी रास्त आहे, आणि आज रविवार असल्यामुळे त्याचे सविस्तर उत्तर द्यायला मला सवडही आहे.

तू दुसऱ्यांचे हिशेब तपासणारा माणूस, म्हणून आधी ताळेबंदच मांडतो. कोणतेही खोरे घे. तिथे वर्षभरात पडलेला पाऊस म्हणजे नदीतून वाहून गेलेले पाणी, अधिक जमिनीतून, तळ्यांतून आणि पानांतून वाफ होऊन हवेत परत गेलेले पाणी, अधिक किंवा उणे माती, तळी आणि भूजल यांच्या साठ्यात पडलेला फरक. आमचा जलविज्ञानाचा सगळा अभ्यासक्रम या एका ओळीत मावतो. अडचण एवढीच की या ओळीतला पाऊस त्यातल्या त्यात सरळ मोजता येतो, नदीचा प्रवाह कष्टाने मोजता येतो आणि बाकीच्या रकमा अंदाजाने भराव्या लागतात. ज्या ताळेबंदातली सर्वांत मोठी रक्कम अंदाजाची आहे, त्यावर तू सही करशील का?

ही मोठी रक्कम म्हणजे वाफ. नद्यांना बारमाही पाणी पुरवण्याइतका पाऊस पडतच नाही, समुद्राचे पाणी भूमीखालच्या वाटांनी डोंगरांत चढत असले पाहिजे, असे युरोपातले विद्वान कित्येक शतके मानत होते. पिएर पेरो या फ्रेंच गृहस्थाने सेन नदीच्या उगमाकडच्या भागातला पाऊस आणि तिथल्या नदीचे पाणी यांचा हिशेब मांडला आणि पाऊस नदीच्या पाण्याच्या सुमारे सहापट भरतो, असे १६७४ मध्ये दाखवून दिले. मग प्रश्नच उलटा झाला : नदीला पाणी कोठून मिळते हे कोडे उरले नाही, उरलेले पाच भाग कोठे जातात हे कोडे झाले. माळव्यातही वर्षाला साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा नदीचे तोंड न पाहताच आकाशात परततो. तो मोजण्यासाठी आमच्या विभागाच्या गच्चीशेजारी १.२ मीटर व्यासाचे एक उथळ पत्र्याचे भांडे ठेवलेले आहे. त्यातली पाण्याची पातळी रोज किती उतरली ते लिहायचे आणि त्याला ०.७ च्या आसपासच्या गुणकाने गुणायचे, कारण उन्हात तापलेल्या पत्र्यातून तळ्यापेक्षा अधिक वाफ होते. भांड्यावर जाळी बसवलेली आहे, नाहीतर कावळ्यांनी प्यालेले पाणीही वाफेच्या खात्यात जमा होईल.

खरी मजा मात्र मातीत आहे. इथली काळी माती तुला सिन्नरमुळे ठाऊक आहेच. पाणी किती वेगाने मुरते हे पाहण्यासाठी आम्ही लोखंडाची दोन कडी, एकात एक अशी, जमिनीत ठोकतो. दोन्हींत पाणी भरतो आणि फक्त आतल्या कड्यातली पातळी घड्याळ लावून वाचतो. बाहेरच्या कड्यातले पाणी आजूबाजूला पसरते, त्यामुळे आतल्या पाण्याला सरळ खालीच जावे लागते. जूनच्या आरंभी, भेगाळलेल्या शेतात हा प्रयोग मांडला की पाणी ओतता ओतताच नाहीसे होते, कारण ते मातीत मुरत नसते, हात जाईल एवढ्या भेगांमधून थेट खाली उतरत असते. काही वेळाने माती फुगू लागते, भेगांचे ओठ जवळ येतात, पातळी उतरण्याचा वेग मंदावतो आणि अखेरीस मोजपट्टीवर ती हलते की नाही याबद्दलच दोघांत वाद होतो. म्हणूनच जूनमधला दोन इंचांचा पाऊस शेत पिऊन टाकते आणि ऑगस्टमध्ये तेवढाच पाऊस नाल्याला पूर आणतो. ‘इतका पाऊस म्हणजे इतका पूर’ असे कोष्टक मागणाऱ्यांना हे सांगणे फार अवघड जाते.

मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली दख्खनचा तोच काळा कातळ, जो तुमच्याकडेही आहे. हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये वाळूतून पाणी कसे झिरपते याचा नियम दिला आणि तो आम्हांला पहिल्याच सत्रात पाठ होतो. परंतु वाळू सर्वत्र सारखी असते आणि कातळ तसा नसतो. इथे पाणी मुरमात, लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यात आणि फटींत असते, त्यामुळे एका बोरिंगला धो धो पाणी लागते आणि पन्नास पावलांवरच्या दुसऱ्यातून नुसती धूळ निघते. शिवाय या खडकात पाणी धरायला जागाच फार थोडी. विहिरीची पातळी पावसाळ्यात पाच मीटर चढली की गाव खूश होते. पण खडकाच्या आकारमानाच्या दोन टक्के एवढेच पाणी त्यातून निथळून मिळते असे धरले, तर त्या पाच मीटरांचा अर्थ जमिनीवर पसरलेले दहा सेंटिमीटर पाणी एवढाच होतो. चढलेली पातळी आणि मिळणारे पाणी यांतली ही तफावत पाहिल्यापासून ‘यंदा विहिरी तुडुंब आहेत’ या बातमीने मी पूर्वीसारखा हुरळून जात नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र एवढे लांबवले तिच्याकडे येतो. ताळेबंद मांडायचा तर आधी हद्द ठरवावी लागते आणि आमच्या शास्त्रात ती हद्द म्हणजे जलविभाजक, म्हणजे जिच्या दोन बाजूंचे पाणी वेगवेगळ्या नद्यांकडे वाहते ती उंचवट्याची रेघ. महूच्या पलीकडे, विंध्याच्या कड्याजवळ ती प्रत्यक्ष पाहता येते. चोरल नदी पातालपाणीच्या धबधब्यावरून खाली झेपावते, नर्मदेला मिळते आणि तिचे पाणी अरबी समुद्रात जाते. तिथून जवळच, जानापावच्या डोंगरावरून उत्तरेकडे निघालेले पाणी मात्र चंबळेतून यमुनेत, पुढे गंगेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचते. इंदूर या रेघेच्या उत्तरेला आहे. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ कान्ह आणि सरस्वती एकत्र येतात, कान्ह पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते आणि क्षिप्रा चंबळेला. नकाशापुरते हे अगदी चोख आहे.

नळ उघडला की हा नकाशा मोडतो. होळकरांनी गंभीर नदीवर यशवंत सागर बांधला, सिरपूर आणि बिलावलीसारखे तलाव राखले. शहराची तहान त्यांच्या आवाक्याबाहेर गेली तेव्हा १९७० च्या दशकात नर्मदेचे पाणी आणण्याची योजना उभी राहिली. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून हे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने विंध्यावर चढवतात. हिशेबासाठी चढ ५०० मीटर धर : एक हजार लिटर पाणी तेवढे उचलायला भौतिकशास्त्राप्रमाणे जवळजवळ १.४ युनिट वीज लागते आणि पंपांतला व घर्षणाचा तोटा धरला तर दोनच्या घरात. एक दिवसाआड सकाळी येणाऱ्या पाण्याने आमच्या घरमालकीण काकू अंगणात सडा घालतात तेव्हा मला ती दोन युनिटे दिसू लागतात, पण त्यांना सांगण्याची माझी छाती नाही.

हे वापरलेले पाणी अरबी समुद्राकडे परत जात नाही. ते गटारांतून, प्रक्रिया केंद्रांतून कान्ह नदीत उतरते आणि बंगालच्या उपसागराची वाट धरते. म्हणजे पश्चिमवाहिनी नर्मदेचा एक वाटा इंदूरची स्वयंपाकघरे आणि मोऱ्या यांच्या मार्गे पूर्वेकडे वळवला गेला आहे. २०१४ मध्ये तर क्षिप्रेच्या उगमाशी, उज्जैनी गावात, नर्मदेचे पाणी थेट सोडण्यात आले, त्यामुळे तिथे हा प्रकार उघडपणे आणि समारंभपूर्वक चालतो. उन्हाळ्यात कान्हेत वाहणारे पाणी पावसाचे नसून बहुतांशी शहराने वापरून टाकलेले असते. ‘पाऊस म्हणजे प्रवाह अधिक वाफ’ या ओळीत त्याला बसायला जागाच नाही.

प्रबंधासाठी शहराबाहेरचे, धरण नसलेले एखादे छोटे पाणलोट निवड, असे आमचे मार्गदर्शक सुचवतात आणि त्यात व्यावहारिक शहाणपण आहे, कारण तिथले आकडे जुळतात. मला मात्र असे वाटते की पंप, कालवा किंवा बोरिंग नसलेले पाणलोट आता माळव्यात अपवादानेच उरले आहे, आणि बाहेरून येणारी रक्कम लिहायचीच नाही असे ठरवून जुळवलेला हिशेब तुझ्या कार्यालयात कोणी स्वीकारला नसता. मला शोधायचे आहे ते असे : नर्मदेच्या जलवाहिन्यांतून गळणारे आणि शोषखड्ड्यांतून मुरणारे पाणी इंदूरच्या भूजलात किती भर घालते? यासाठी एक वाट आहे. पाण्यात ऑक्सिजनचा एक जड प्रकार अत्यल्प प्रमाणात असतो; उन्हात वाफ होताना हलके रेणू आधी उडून जातात, त्यामुळे मागे राहिलेल्या पाण्यात जड रेणूंचे प्रमाण वाढते. नर्मदेचे पाणी जलूदला येण्याआधी इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर या जलाशयांत साठलेले असते, म्हणून त्यावर ही खूण थोडीतरी उमटलेली असावी, आणि थेट पावसाने भरलेल्या बोरिंगच्या पाण्यावर ती नसावी. दोहोंतला फरक मोजण्याइतका निघाला, तर मिसळण कोणत्या मोहल्ल्यात किती आहे याचा अंदाज करता येईल. तपासणीचा खर्च बराच आहे आणि मंजुरीचा अर्ज अजून पुढे सरकलेला नाही. तोवर जुन्या वस्तीतल्या विहिरी हिंडून पाहणे एवढेच हाती आहे.

तुझ्याकडे एक काम. सिन्नरच्या मळ्यातल्या तुमच्या विहिरीची पातळी दसऱ्याला आणि मग गुढीपाडव्याला मोजून कळव. काठावर कोणत्या दगडापासून मोजलेस त्यावर रंगाने खूण कर आणि मोजण्याआधी निदान रात्रभर मोटार बंद ठेव, नाहीतर आकडा खडकाचा न येता उपशाचा येईल. दोरीला वजन बांधून सोडलीस तरी चालेल, टेप असेल तर उत्तम. माझ्याकडे माळव्यातल्या कातळाचे आकडे आहेत, त्यांच्याशेजारी तुमचे मांडून पाहीन.

काका-काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग.

तुझा,
सुहास