वजनाच्या इंजेक्शनांना चिठ्ठी खरोखर लागू द्या : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : मधुमेह व स्थूलतेवरील सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड व तत्सम इंजेक्शनांची चिठ्ठीविना होणारी विक्री आणि जाहिरात.

महोदय,

सविनय नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी औषधांचे दुकान चालवणारा नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. शुगर आणि बीपीच्या गोळ्यांवरच आमच्यासारख्यांची निम्मी उलाढाल चालते, त्यामुळे मधुमेहाचे कोणतेही नवे औषध बाजारात आले की त्याचे बरेवाईट परिणाम आम्हाला गिऱ्हाइकांच्या तोंडून लवकर कळू लागतात. ज्या इंजेक्शनांविषयी हे पत्र लिहीत आहे त्यांच्या विरोधात मी नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-1 नावाचे संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचवते. सेमाग्लुटाइड याच संप्रेरकाची नक्कल करते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मधुमेह नसलेल्या 1,961 स्थूल व्यक्तींपैकी ज्यांना हे औषध 68 आठवडे दिले गेले त्यांचे वजन सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास घटले, तर नुसता आहार-व्यायाम सांभाळणाऱ्यांचे जेमतेम अडीच टक्के. पुढे 2023 मध्ये हृदयविकार असलेल्या सतरा हजारांहून अधिक स्थूल रुग्णांवरील चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण एकपंचमांशाने कमी झाल्याचे दिसले. सप्टेंबर 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली, पण तीही हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार आणि सोबत स्थूलता असलेल्या मधुमेहींसाठी. ही अट विसरली जाते, आणि माझ्या तक्रारीचे मूळ नेमके तिथे आहे.

सुरुवातीला या औषधांच्या दारावर डॉक्टर नव्हे, किंमत उभी होती. मार्च 2025 मध्ये टिर्झेपॅटाइड भारतात आले तेव्हा सर्वांत कमी मात्रेची एका आठवड्याची कुपी साडेतीन हजार रुपयांना होती, म्हणजे महिन्याला चौदा हजार, आणि एवढी रक्कम खर्च करणारा माणूस बहुधा एखाद्या तज्ज्ञाच्या दवाखान्यातून आलेला असे. सेमाग्लुटाइडवरील भारतीय पेटंटची मुदत मात्र मार्च 2026 पर्यंतचीच होती. पेटंट सरले की काय होते हे आम्ही 2022 मध्ये सिटाग्लिप्टिन या मधुमेहावरील गोळीच्या बाबतीत पाहिले. काही आठवड्यांतच जनऔषधी केंद्रांवर त्याच्या दहा गोळ्या साठ रुपयांना मिळू लागल्या. 2025 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरील दुसऱ्या गोळीचेही तेच झाले. स्वस्ताई येणे चांगलेच आहे, मधुमेहींसाठी तर फारच चांगले. पण किंमत बाजूला झाल्यावर दारावर दुसरे कोणी उभे राहणार आहे की नाही, हा प्रश्न आपल्या खात्याचा आहे.

काउंटरवर काय घडते ते सांगतो. पंचविशीतला एक तरुण मोबाईलवर चिठ्ठीचा फोटो दाखवतो. त्यावरचे नाव त्याचे नसते. विचारले तर मामांचे आहे, असे सांगतो. तारीख गेल्या वर्षीची, डॉक्टर पुण्याचे, आणि वयाचा रकाना फोटोतून कापलेला. लग्न दोन महिन्यांवर आले आहे, जिममधल्या एकाने हे घेऊन बारा किलो उतरवले, तेव्हा एक पेन (औषध भरलेले तयार इंजेक्शन) द्याच, असा त्याचा आग्रह असतो. नाही म्हटले तर तो भांडत नाही, शांतपणे पुढच्या दुकानात जातो. औषध नियमांतील नियम 65 सांगतो की चिठ्ठी लेखी हवी, तिच्यावर डॉक्टरांची सही आणि तारीख हवी, रुग्णाचे नाव-पत्ता, औषधाचे प्रमाण आणि मात्रा हवी, आणि डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध देता येत नाही. हा नियम कागदावर इतका काटेकोर आहे की त्यात नवी भर घालण्याची गरजच नाही. त्याचा उपयोग मात्र निरीक्षक येतो त्या दिवसापुरता उरला आहे.

यावर माझे व्यवसायबंधू म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, की खेड्यातल्या आजोबांना वर्षानुवर्षे चालू असलेल्या मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीसाठी दरमहा शहरात जाऊन चिठ्ठी आणायला लावणे म्हणजे त्यांची गोळीच बंद करणे होय. मान्य आहे. पण चालू गोळीची जुनी चिठ्ठी आणि कोणाच्या तरी नावाची नवी इंजेक्शने यांतला फरक प्रत्येक दुकानदाराला कळतो.

हा फरक का महत्त्वाचा, हे थोडक्यात मांडतो. मळमळ, उलट्या आणि बद्धकोष्ठता पुष्कळांना होते व बहुतेकांची ती मात्रा सावकाश वाढवल्यास आटोक्यात राहते; पण स्वादुपिंडाला सूज येणे, पित्ताशयात खडे होणे, आणि आधीच खराब असलेला डोळ्यांचा पडदा साखर झपाट्याने उतरल्यामुळे आणखी बिघडणे, हे धोके तपासणीशिवाय ओळखता येत नाहीत. ज्यांच्या घराण्यात थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झालेला आहे त्यांनी ही औषधे घेऊच नयेत, असे माहितीपत्रकातच लिहिलेले असते. ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसाने परस्पर हे इंजेक्शन सुरू केले तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, आणि ग्लिमेपिराइड ही तर आपल्याकडे घरोघरी असणारी गोळी आहे. शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे औषध चालू असल्याचे सांगावे लागते, कारण उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेले असू शकते. लपूनछपून इंजेक्शन घेणारा ते सांगेल याची खात्री कोणी द्यायची? शिवाय औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग परत येतो, ही गोष्ट लग्नाच्या घाईत असलेल्याला कोणीही सांगत नाही.

वजनकाट्यावर विसंबून हा निर्णय घेऊ नये, याचे आपल्या मातीतले एक कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्यासोबत स्वतःचाच फोटो छापून दाखवून दिले की दोघांचाही बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचे माप) 22.3 असताना युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. किडकिडीत दिसणारा मराठी माणूस आतून मधुमेहाच्या उंबरठ्यावर असू शकतो, आणि गुटगुटीत दिसणाऱ्या मुलीला कदाचित कशाचीच गरज नसते. हे आरशाला कळत नाही, रक्ताच्या तपासणीला कळते.

आणखी एक बाब, जी मंत्रालयात बसून दिसणार नाही. टिर्झेपॅटाइड आपल्याकडे प्रथम कुपीतून आले, आणि कुपी घेणारा माणूस सोबत 'इन्सुलिनची सुई' मागतो. आपल्या दुकानांत इन्सुलिनच्या दोन जातींच्या सिरिंज असतात, 40 युनिटच्या आणि 100 युनिटच्या. अर्धा मिलिलिटर औषध पहिलीवर 20 च्या रेघेपर्यंत येते आणि दुसरीवर 50 च्या. व्हिडिओत परदेशातली 100 ची सिरिंज पाहून '20 युनिट' ओढणाऱ्याच्या हातात आपली 40 ची सिरिंज असेल, तर त्याच्या अंगात अडीचपट औषध जाते. पैसे वाचवण्यासाठी मोठ्या मात्रेची कुपी वाटून घेणाऱ्यांबाबत तर बोलायलाच नको.

आणि ही औषधे 2 ते 8 अंश तापमानात ठेवायची असतात. मराठवाडा-विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत दुपारची वीज गेली की दुकानातल्या फ्रिजचे काय होते हे मी सांगायला नको; मग सलूनच्या कपाटातून किंवा कुरिअरच्या पिशवीतून आलेल्या पेनचे काय झाले असेल? बनावट मालाचीही भीती आहेच. जून 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडलेल्या बनावट ओझेम्पिकबद्दल (सेमाग्लुटाइडचे एक व्यापारी नाव) इशारा दिला होता.

तेव्हा माझी विनंती अशी की या औषधांची घाऊक विक्रेत्यांकडून झालेली खरेदी आणि किरकोळ विक्रीची बिले, चिठ्ठ्यांसह, आपल्या औषध निरीक्षकांनी पडताळून पाहावीत. किती पेन आली आणि किती चिठ्ठ्या आहेत, एवढा साधा हिशेब एका दुपारी होतो. परवाना नसलेल्या स्लिमिंग सेंटर, जिम आणि ब्युटी क्लिनिक यांच्याकडचा साठा त्यातून आपोआप उघड होईल, कारण तो कोणत्या तरी परवानाधारकाच्या बिलातूनच बाहेर पडलेला असतो. दुसरे, प्रतिजैविकांसाठी 2014 पासून लागू असलेल्या एच-1 अनुसूचीप्रमाणे या गटासाठीही डॉक्टर, रुग्ण आणि प्रमाण यांची वेगळी नोंदवही ठेवणे बंधनकारक करावे, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. त्यामुळे आमचे काम वाढेल आणि माझ्याच संघटनेतले काहीजण माझ्यावर नाराज होतील, याची मला कल्पना आहे. तिसरे, 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरात प्रतिबंधक कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह आणि स्थूलता ही दोन्ही नावे आहेत; 'आठ आठवड्यांत बारीक व्हा' असे फलक लावणाऱ्यांवर कारवाई करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

शेवटची गोष्ट आपल्या खात्याची नाही, तरी मंत्रिमंडळातील आपल्या सहकाऱ्यांपर्यंत ती पोहोचवावी. देशात सुमारे दहा कोटी मधुमेही असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अभ्यासातून 2023 मध्ये पुढे आला. त्यांतले हृदय आणि मूत्रपिंड दुबळे झालेले गरीब रुग्ण सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभे आहेत. किंमत उतरत असेल तर जिल्हा रुग्णालयांच्या मधुमेह बाह्यरुग्ण विभागात, निवडक रुग्णांसाठी आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, हे औषध उपलब्ध करून देण्याचा विचार आता व्हायला हवा.

तपासणीची सुरुवात माझ्या दुकानापासून केली तरी माझी हरकत नाही. या गटातील औषधांची खरेदीची बिले आणि चिठ्ठ्यांच्या प्रती एका फाइलमध्ये लावून ठेवल्या आहेत.

आपला नम्र,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट,
जिल्हा सातारा