मर्ढेकरांच्या तीन कादंबऱ्या आणि आमची अभ्यासिका : मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन

सविनय नमस्कार.

यावल तालुक्यातील एका लहान सार्वजनिक वाचनालयात मी आयुष्यभर ग्रंथपाल म्हणून काम केले. निवृत्त झालो तरी सकाळचे दोन तास तिथे जाऊन बसण्याची सवय सुटलेली नाही आणि हे पत्रही तिथल्याच टेबलावर लिहीत आहे. मागणी एकच आहे, म्हणून ती आरंभीच मांडतो. बा. सी. मर्ढेकर यांच्या ‘रात्रीचा दिवस’ (१९४२), ‘तांबडी माती’ (१९४३) आणि ‘पाणी’ (१९४८) या तिन्ही कादंबऱ्यांची एकत्रित आणि स्वस्त आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढावी आणि तिच्या पहिल्या प्रती खानदेशातील वाचनालयांना द्याव्यात.

खानदेशातीलच का, असे आपण विचाराल. मर्ढेकरांचा जन्म १ डिसेंबर १९०९ रोजी आमच्या तालुक्यातील फैजपूर येथे झाला. फैजपूर म्हटले की १९३६ साली खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन इथल्या शाळकरी मुलालाही सांगता येते. मर्ढेकरांचे नाव मात्र पदवीधरालाही आठवून सांगावे लागते. घराणे साताऱ्याकडील मर्ढ्याचे, जन्म तापीकाठच्या मुलखातला, शिक्षण पुण्याला, मग सनदी सेवेच्या परीक्षेसाठी लंडन, तिथे अपयश, परतल्यावर महाविद्यालयांत इंग्रजीचे अध्यापन आणि पुढे आकाशवाणीच्या नोकरीतील बदल्यांमागून बदल्या, असा हा प्रवास २० मार्च १९५६ रोजी दिल्लीत संपला. वय अवघे ४६. ‘काही कविता’ या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ते निर्दोष सुटले, आणि ‘सौंदर्य आणि साहित्य’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. ज्याचे आडनाव एका गावचे, जन्म दुसऱ्या गावचा आणि मुक्काम कायम तिसऱ्याच गावी, अशा माणसाने तुटलेपणाविषयी लिहिले तर त्यात नवल ते काय? अर्थात चरित्रावरून साहित्याचा निकाल लावू नये, हे मर्ढेकरांनीच मला रागावून सांगितले असते.

मर्ढेकर कवी म्हणून अभ्यासक्रमात आले. त्यांच्या कवितांतले पिंपातले उंदीर आणि मुंग्यांसारखी माणसे परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेपर्यंत पोहोचली. त्यांची कादंबरी मात्र मागेच राहिली. ‘रात्रीचा दिवस’ हा मराठीतील संज्ञाप्रवाही कादंबरीचा आरंभीचा आणि धीट प्रयोग आहे. घटना बाहेर घडण्याऐवजी मनात घडतात, एका विचाराचे बोट धरून दुसरा विचार येतो, आणि वाचकाला कुठे उभे राहावे हेच काही काळ कळत नाही. ही कादंबरी निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी प्रयोगाची हौस माणसावर मात करते. तरीही गर्दीत राहून गर्दीचा न झालेला, स्वतःच्याच आयुष्याकडे परक्यासारखा पाहणारा माणूस मराठी गद्यात कसा आला, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याला ही वाट टाळता येत नाही.

या अनुभवाला समीक्षक ‘परात्मता’ म्हणतात. शब्द चांगला आहे, पण आमच्या घराघरांत त्यासाठी आधीपासून एक साधा शब्दप्रयोग आहे : ‘करमत नाही’. पोर पुण्याला शिकायला जाते आणि पहिल्या आठवड्यात फोनवर ‘करमत नाही’ म्हणते, तेव्हा आई समजून घेते, कारण ती घराची ओढ असते. तेच पोर चार वर्षांनी परत येते, केळीच्या बागेत बापाबरोबर उभे राहते आणि तिथेही ‘करमत नाही’ म्हणते, तेव्हा मात्र आईकडे उत्तर नसते. आधुनिक कादंबरीचा खरा विषय हा दुसरा ‘करमत नाही’ आहे, असे मला वाटते.

या दुसऱ्या ‘करमत नाही’ची कादंबरीही आमच्याच तालुक्याने दिली, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. भालचंद्र नेमाडे यांचा जन्म १९३८ साली सांगवीचा. त्यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या वसतिगृहात राहतो, गावी त्याची धाकटी बहीण मनी ही देवी या साथीच्या रोगाने मरण पावते, आणि शिक्षण अर्धवट टाकून तो गावाकडे परततो. परतला म्हणून तो गावाचा होत नाही, आणि कादंबरीचे बळ त्यातच आहे. देशीवादाचा, म्हणजे साहित्य आपल्याच मातीतून आणि परंपरेतून यावे या विचाराचा, पुरस्कार करणाऱ्या नेमाड्यांना आधुनिकतावाद्यांच्या पंगतीला बसवलेले कदाचित रुचणार नाही, आणि मलाही तो वाद इथे काढायचा नाही. मर्ढेकर इथून गेले ते परतले नाहीत आणि सांगवीकर परतूनही परका राहिला. एकाच तालुक्यातून निघालेल्या या दोन वाटा शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात, एवढेच माझे म्हणणे आहे. आज ‘कोसला’ सहज विकत मिळते. दुसरी वाट आमच्या कपाटात नाही.

आता अभ्यासिकेविषयी. आमच्या वाचनालयात सकाळी सात वाजता येणारी मुले कादंबरीसाठी येत नाहीत. ती स्पर्धा परीक्षेसाठी येतात आणि कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाला पाठ करून बसतात, कारण टेबले तशीच मांडलेली आहेत. (टेबले मीच मांडली होती.) दोन वर्षांपूर्वी त्यांच्यातला एक मुलगा, पुण्यात तीन वर्षे काढून आणि दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन परतलेला, दुपारी माझ्यापाशी आला आणि म्हणाला, “काका, अभ्यासाचं नको, दुसरं काहीतरी द्या.” मी ‘कोसला’ दिली. ती त्याने चार दिवसांत परत आणली आणि विचारले, याच्या आधी असे कोणी लिहिले होते का? मी मर्ढेकरांचे नाव सांगितले, फैजपूरचे म्हटल्यावर तो चमकला, आणि मग मला कबूल करावे लागले की त्यांच्या तीनपैकी एकाही कादंबरीची प्रत आपल्याकडे नाही. पुण्यात असताना, ‘तू कुठला रे, तुझी मराठी अशी कशी’ हे ऐकून त्याने आपली लेवा गणबोली तोंडातून हळूहळू पुसून टाकली होती. आता घरी बोलताना ती परत आणताना अडखळायला होते, असे तो म्हणाला. त्या दिवशी त्याला द्यायला माझ्याकडे पुस्तक नव्हते, याची खंत मला अजून आहे.

मागणी व्यवहार्य आहे का, हेही पाहू. प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, आणि ही वर्षे मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. म्हणजे या तिन्ही कादंबऱ्या १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुल्या आहेत. नंतरच्या संपादकांच्या प्रस्तावना आणि टिपा तेवढ्या वगळाव्या लागतील. साहित्य संस्कृती मंडळ आपल्याच विभागाच्या अखत्यारीत आहे, ते आपली पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्यही ठेवते, तेव्हा छापील आवृत्तीबरोबर तेही करता येईल. सार्वजनिक ग्रंथालये उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे आहेत, हे मला ठाऊक आहे. दोन खात्यांमधल्या पत्रव्यवहारात आमची मागणी अडकू नये, म्हणून या पत्राची प्रत तिकडेही पाठवीत आहे.

आवृत्ती साधी असावी. जाड कागद आणि मान्यवरांच्या शुभेच्छा नकोत. संज्ञाप्रवाह म्हणजे काय हे चार पानांत समजावणारी प्रस्तावना, कठीण संदर्भांच्या टिपा आणि मुलांच्या डोळ्यांना सोसेल असा टाइप पुरेसा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिल्यापासून प्राचीन ग्रंथांविषयी बरेच बोलले जाते, ते योग्यच आहे. पण जेमतेम ८० वर्षांपूर्वीचे गद्य तालुक्याच्या गावी मिळू नये, हेही त्याच दर्जाच्या हिशेबात धरावे.

मुद्रितशोधनासाठी माणूस लागणार असेल, तर ते काम मी विनामोबदला करीन. तो मुलगा आता फैजपूरला एका दुकानात हिशेब लिहितो आणि रविवारी वाचनालयात येतो. त्यालाही मदतीला घेईन. तसे त्याला विचारून ठेवले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल
यावल तालुका, जिल्हा जळगाव