माया, तिचा नर आणि तुमचं बाळ

चि. अनिकेत यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली, इंग्लंडातल्या रटलंड वॉटर तलावावरच्या ऑस्प्रेच्या, म्हणजे मासे खाणाऱ्या शिकारी पक्ष्याच्या घरट्याच्या कॅमेऱ्याची लिंक मी आता रोज उघडते. इकडे माझा स्वयंपाक आटोपून दहा वाजतात, तेव्हा तिकडे घरट्याच्या जागी, मँटन बेवर नुकतं उजाडलेलं असतं. माया, म्हणजे घरट्यातली मादी, पिल्लांवर बसलेली असते आणि तिच्या पोटाखालून एखादी मुंडी हळूच बाहेर येते. तिसरं पिल्लूही अंड्यातून बाहेर आलं, पाहिलंस का?

ती भरवते ते बघत राहावं. नर मासा आणतो, तो बहुतेकदा मुंडक्याशिवायचा. तेवढं त्यानं आधीच कुठेतरी बसून खाल्लेलं असतं. उरलेला सगळा मासा घरट्यात येतो. ट्राउटची कातडी फाडणारी मायाची ती आकडेबाज चोच पिल्लापुढे नखाएवढा तुकडा धरून थांबते. पिल्लाची मान डुगडुगते, नेम चुकतो, तुकडा काटक्यांत पडतो. ती तो उचलते, पुन्हा धरते. काटे, कातडं स्वतः गिळते आणि मऊ तेवढं त्यांना.

धाकट्याची मला फार काळजी वाटायची. अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतरानं घातलेली, त्यामुळे थोरली दोघं आधीच दांडगी झालेली. पण मासे भरपूर आले की थोरली पोट भरून लवंडतात आणि धाकट्याला निवांत घास मिळतात. कमी पडले, तर मात्र ती त्याला चोची मारतात. म्हणजे त्या इवल्या जिवाचं सगळं बापाच्या फेऱ्यांवर आहे, आणि त्या फेऱ्या कॅमेऱ्यात दिसत नाहीत.

त्या नराला नाव नाही, पायातल्या कडीवरचा ३३ हा आकडा आहे. २०११ साली तो रटलंडमध्येच जन्मला. २०१५ पासून माया आणि तो मिळून पिल्लं वाढवताहेत. बंदुका आणि अंडी चोरणारे यांच्यापायी इंग्लंडातून ऑस्प्रे नाहीसेच झाले होते. १९९६ पासून स्कॉटलंडची पिल्लं रटलंडला आणून सोडली आणि २००१ मध्ये तिथे पहिलं पिल्लू जन्मलं. माणसांनी मनावर घेतलं म्हणून आज मला हे दिसतंय, याचं फार समाधान वाटतं.

अंडी उबवण्याच्या दिवसांतलं एक तुला मुद्दाम सांगते. तो मासा आणायचा, माया तो घेऊन बाजूला जाऊन खायची आणि तेवढा वेळ अंड्यांवर तो बसायचा. जवळपास सदतीस दिवस उबवायचं, त्यात बहुतेक वेळ तीच. पण तिचं जेवण कधी घाईचं झालं नाही. अनिकेत, रेवती परवा फोनवर बोलताना एका हातानं बाळ सांभाळत जेवत होती. तू दिवसभर कामावर दमतोस, हे मला कळतं. तरी घरी आल्यावर बाळ तू घे. तिला दोन्ही हातांनी, गरम गरम जेवू दे. रात्रीचं एकदा तू उठ. बाळंतिणीचं शरीर झोपेनं भरून येतं, नुसत्या लाडवांनी नाही.

ऑगस्टमध्ये माया आधी निघून जाईल. पिल्लांना मासे आणून देत नर मागे थांबेल. मग पिल्लं एकेकटी, वाट दाखवणारं कुणी नसताना, पश्चिम आफ्रिकेपर्यंत पाच हजार किलोमीटर उडतील. जी जगतील, ती दोन वर्षांनी परततील. आपल्या भिगवणला हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर ऑस्प्रे दिसतात, पण ते दुसऱ्या मुलखातले. ही लेकरं इकडे यायची नाहीत.

मी जुलैअखेर येते आहे. तेव्हा पिल्लं उडत असतील, पण खायला घरट्यावर येतातच. तलावाच्या लिंडनकडच्या बाजूला लपून पक्षी बघायचं घर आहे, तिथून घरटं दिसतं म्हणे. तुमच्या लेस्टरहून गाडीनं लांब नाही. रेवतीला बरं वाटत असेल तर बाळाला घेऊन सगळेच जाऊ. अळिवाचे आणि डिंकाचे लाडू पार्सलनं पाठवले आहेत. अळिवाचे आधी संपवा, ते टिकत नाहीत.

तुझी,
आई