एमएस लागण होणारा आजार नाही, एवढं तरी छापा

संपादक साहेब,

माझ्या वहिनीला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार आहे, आणि कुणीतरी मोबाईलवर वाचलं की हा व्हायरसमुळे होतो, तेव्हापासून आमच्या सिडकोत काही जण तिच्या हातचा चहासुद्धा घेत नाहीत. फार वाईट वाटतं हो. एमएस एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

व्हायरसचा संबंध खरा आहे, २०२२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकन सैन्यातल्या १ कोटीहून जास्त लोकांच्या गटात अभ्यास केला, साठवून ठेवलेलं रक्त तपासलं, तर एपस्टाईन-बार व्हायरसची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला दिसला. पण हा व्हायरस ९० टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात असतोच, लाळेतून पसरतो, बहुतेकदा लहानपणीच अंगात येतो आणि बहुतेकांना कळतही नाही, एमएस मात्र अगदी थोड्यांनाच होतो. म्हणजे चहा नाकारणाऱ्यांच्या अंगातपण तो बहुतेक आहेच!

वहिनीला एका डोळ्याने धूसर दिसायचं, पायाला मुंग्या यायच्या, तर अशक्तपणा म्हणून कितीतरी महिने नुसती ताकदीची इंजेक्शनं दिली, एमआरआय फार उशिरा झाला. तुमच्या आरोग्य पानावर या लक्षणांबद्दल नाशिकच्या न्यूरॉलॉजिस्टकडून सविस्तर लिहून घ्या, प्लीज.

एक वाचक, सिडको, नाशिक