पोचलो गं आई, तिघंही मजेत

आई, बाबा,

आधी हे वाचा, मी, ओवी आणि शौनक, आम्ही तिघंही सुखरूप डेन्व्हरला पोचलोय आणि शौनकला ताप वगैरे काही नाहीये, काल कॉलवर रडत होता तो दाढ येतेय म्हणून. दोन्ही मुलांना घेऊन मी एकटीने शिकागोहून गाडी चालवत आले हे चिन्मयने सांगितल्यावर आई तू गप्पच झालीस, आणि फोनवर तू रडायला लागलीस की मलाही बोलता येत नाही म्हणून सगळं लिहूनच काढते.

आधी का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू तीन रात्री झोपली नसतीस. बाबांनी तासातासाला फोन केला असता आणि मी गाडी चालवताना फोन उचलत नाही, म्हणजे अजून काळजी. आणि तुमच्या जावयाला, अमेयला काही बोलू नका प्लीज, इथल्या नोकरीला लागून त्याला तीनच आठवडे झालेत, सुट्टी मागणार कशी, तिकडे शिकागोजवळचं घर महिनाअखेरीस सोडायचं होतं आणि गाडी ट्रकवर टाकून पाठवायचा खर्च परवडणारा नव्हता.

बाबा, अंतर साधारण १६०० किलोमीटर. तुमचा समृद्धी ७०१ चा ना, म्हणजे आमण्याहून नागपूरला जाऊन परत आलं तरी वर दोनशे उरतात. पण लोक हे दोन दिवसांत करतात, मी तीन घेतले. पहिला मुक्काम दे मॉइन, दुसरा कर्नी, तिसऱ्या दिवशी घर, आणि दोन्ही दिवस अंधार पडायच्या आत हॉटेलवर. समृद्धीवर सरळ रस्त्याने डोळ्यावर झापड येते म्हणता ना, नेब्रास्का राज्यातला रस्ता अगदी तस्साच आहे, म्हणून दर दोन तासांनी थांबत होते, एवढ्या लहान बाळाला सलग कार सीटमध्ये ठेवायचं पण नसतं. पेट्रोल पंपावरच कार्ड लावून भरायचं, त्यामुळे मुलांना सोडून आत जावं लागत नाही. बाथरूमला गेले की शौनक छातीशी कॅरिअरमध्ये आणि ओवी हाताला, एक मिनिटसुद्धा दोघांना गाडीत एकटं ठेवलं नाही.

आता जॅकेटचं. आई तू म्हणालीस एवढ्या थंडीत पोराला नुसत्या स्वेटरवर गाडीत बसवलंस. अगं इथे सगळेच गाडीत बसवताना जॅकेट काढतात, मलाही पहिल्या वर्षी वाटायचं काय निर्दयी लोक आहेत. पण ते फुगीर जॅकेट आत पोकळ असतं, धडक बसली की चेपतं, आणि मग पट्टा नि अंग यांच्यात एवढी जागा राहते की पोर सीटमधून निसटू शकतं. मी घरी करून बघितलं, जॅकेटवर पट्टा आवळला, मग पट्टा तसाच ठेवून जॅकेट काढून परत बांधला तर आत माझी अख्खी मूठ गेली. पोटात गोळाच आला. म्हणून पातळ स्वेटर, त्यावर पट्टा, खांद्यापाशी पट्ट्याला चिमटा काढून बघायचा, चिमटीत आला तर सैल आहे, छातीवरची क्लिप बरोब्बर काखेच्या रेषेत, आणि मग जॅकेट उलटं, बाह्या पुढून घालून पांघरुणासारखं वरून. थंडी नाही वाजत त्यांना, खरंच.

तू पाठवलेली चिक्की दिली नाही म्हणून रागावू नकोस, चालत्या गाडीत घशात अडकलं तर मला मागे वळून बघता येत नाही, दाण्याचं काहीच दिलं नाही. दशम्या नेल्या होत्या, मेतकूट-भात थर्मासमध्ये.

वाईट म्हणशील तर एकच अर्धा तास गेला. ओमाहाच्या पुढे शौनक रडायला लागला, त्याची सीट मागे तोंड करून, मला आरशात नुसत्या त्याच्या मुठी दिसत होत्या. हायवेवर मध्येच थांबता येत नाही. तू म्हणायचीस ती सगळी बडबडगीतं म्हणून झाली, शेवटी ओवीनेच म्हणायला सुरुवात केली, तुझ्या चालीत. एक्झिट घेतला, पार्किंगमध्ये त्याला छातीशी धरून बसले तेव्हा तुझी खूप आठवण आली.

पण कर्नीला संध्याकाळी हॉटेलमागच्या शेतात शेकडो सँडहिल क्रेन उतरले होते, करडे, डोक्यावर लाल टिळा, आपल्या सारसाचे भाऊबंद. मार्चमध्ये प्लॅट नदीवर लाखोंनी येतात म्हणे. बाबा, तुम्ही ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला न्यायचात ना, तस्संच ओवीला खांद्यावर घेतलं होतं मी.

नॉर्थ प्लॅट गावाच्या पुढे घड्याळ एक तास मागे जातं, पोरांची पोटं काही जात नाहीत, त्यामुळे तिसऱ्या दिवशी अकरालाच जेवलो.

आता पैशाचं. इथे डिपॉझिट आणि दोन भाडी एकदम गेली, म्हणून चिन्मयच्या लग्नाच्या हॉलच्या अ‍ॅडव्हान्सचे अर्धेच पाठवलेत, उरलेले पंधरा तारखेच्या आत नक्की. बाबा, एफडी मोडू नका, मी शब्द दिलाय चिन्मयला.

आणि लग्नाचं... आई, मे महिन्यात नाही जमणार गं. परत इकडे यायला व्हिसाचं स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा, भारतातच करावं लागेल आणि तारीख मिळत नाहीये, तिकडे अडकले तर मुलांना घेऊन किती महिने राहायचं काहीच कळत नाही. तू म्हणशील दोन पोरं घेऊन तीन दिवस गाडी चालवलीस मग विमानात बसायला काय होतं. मी पण स्वतःला रोज हेच विचारते. माझी पैठणी नव्या सुनेला दे, करवलीची म्हणून, कपाटात खालच्या कप्प्यात आहे, मलमलच्या कापडात.

मामीकडे केळवणाला जाल तेव्हा व्हिडिओ कॉल करा. तुमच्या जेवायच्या वेळेला इथे रात्रीचा दीड वाजलेला असेल, तरी करा, मी जागी असेन.

तुमची,
मनू