मागच्या तारखेची चिठ्ठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायकल शर्यतींतल्या उत्तेजकांविषयी जे छापून येते ते खेळाडूपाशी सुरू होते आणि खेळाडूपाशीच संपते. अमुक सापडला, इतक्या वर्षांची बंदी, विजेतेपद रद्द. त्याला सांभाळून घेणारे पदाधिकारी मथळ्यात कधी दिसत नाहीत. या खेळातले चौकशी अहवाल सलग वाचले की लक्षात येते, कुपीत नमुना पडण्याआधीची आणि प्रयोगशाळेचा अहवाल आल्यानंतरची मेहेरबानी औषधांइतकीच कामाला आलेली आहे.

१९९९ च्या टूर द फ्रान्समध्ये अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या लघवीत ट्रायॲमसिनोलोन हे कॉर्टिकोस्टेरॉइड सापडले. नियम साधा होता. त्वचेवरचे मलम चालेल, पण डॉक्टरची चिठ्ठी आधीची हवी. चिठ्ठी आली ती वरातीमागून घोडे तशी : सीटवर घासून झालेल्या जखमेसाठी मलम, आणि तारीख मागची. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने, म्हणजे यूसीआयने, ती मान्य केली. वर पत्रक काढून त्याला निर्दोष ठरवले. आदल्याच वर्षी फेस्टिना संघाची औषधांनी भरलेली गाडी फ्रान्सच्या सीमेवर सापडली होती आणि शर्यतीची अब्रू गेली होती. कर्करोगातून उठून आघाडीवीराची पिवळी जर्सी घातलेला माणूस त्या घडीला संघटनेला हवाच होता. तो स्वतःच्या नियमांचा भंग होता, हे लिहून यायला २०१५ उजाडले. लिहिले ते यूसीआयनेच नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने, 'सर्क'ने.

याच खेळाडूकडून यूसीआयने २००२ मध्ये २५ हजार डॉलरची देणगी घेतली, २००५ मध्ये आणखी एक लाखाचे वचन घेतले. ही लाच होती याचा पुरावा आयोगाला सापडला नाही, आणि मला ते पटते. लाचेचा निदान माग काढता येतो. इथे दोघांनाही एकमेकांची गरज होती, मग पैशाची भाषा कशाला लागते? एका फ्रेंच वृत्तपत्राने २००५ मध्ये १९९९ च्या साठवलेल्या नमुन्यांत ईपीओ, म्हणजे तांबड्या पेशी वाढवणारे औषध, सापडल्याचे छापले, तेव्हा यूसीआयने 'स्वतंत्र' चौकशीसाठी एक डच वकील नेमला. त्याच्या अहवालाच्या मसुद्यात आर्मस्ट्राँगच्या बाजूच्या माणसांचा हात होता, हेही पुढे सर्कनेच दाखवले.

तिसरी मेहेरबानी २००८ ची. निवृत्तीतून परतणाऱ्याने शर्यतीत उतरण्याआधी सहा महिने चाचण्यांच्या यादीत असावे, असा नियम. कारण व्यवहारी आहे. यादीबाहेरचा माणूस ताकदीसाठी काय वाटेल ते घेऊ शकतो; शिवाय त्याच्या रक्ताची नेहमीची पातळी कुणाकडे नोंदलेली नसते, मग पुढचा आकडा ताडायचा कशाशी? २००९ च्या जानेवारीतल्या ऑस्ट्रेलियातल्या शर्यतीपर्यंत आर्मस्ट्राँगचे सहा महिने भरत नव्हते, जवळपास दोन आठवडे कमी पडत होते. अध्यक्ष पॅट मॅकक्वेड यांनी तरी परवानगी दिली. त्याच दिवशी आर्मस्ट्राँग आयर्लंडच्या शर्यतीत उतरणार असल्याचे त्यांना कळले होते, अशी नोंद आयोगाने केली आहे. मॅकक्वेड आयर्लंडचेच.

आता तपासणीची जागा. १९९७ पासून हेमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाची, मर्यादा ५० टक्के होती. ओलांडली तर १५ दिवस घरी, तेही 'प्रकृतीच्या कारणास्तव'. ईपीओची चाचणी तेव्हा नव्हतीच, त्यामुळे संघांनी ५० हा आकडा परवान्यासारखा वापरला. हे प्रमाण मोजायला रक्त फिरवून पेशी वेगळ्या करणारे छोटे सेंट्रिफ्यूज बाळगायचे, ४९ पर्यंत चढवायचे, वर गेले तर सलाइन लावून रक्त पातळ करायचे. याला हवी असतात मोजून थोडी मिनिटे. १९९८ च्या जागतिक स्पर्धेत आर्मस्ट्राँगच्या संघाच्या डॉक्टरने लिटरभर सलाइनची पिशवी रेनकोटाखाली दडवून तपासनीसाच्या समोरून आत नेली, अशी साक्ष अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेपुढे झाली आहे.

म्हणून नियम असा आहे की, 'तुमची चाचणी आहे' हे सांगितल्या क्षणापासून नमुना देईपर्यंत खेळाडू नजरेआड होता कामा नये. कागदावर. प्रत्यक्षात 'अंघोळ करून येतो', 'मसाज संपू दे', 'चहा घ्या तोवर'. दरडावणे किंवा सोडून देणे हे त्या एका तपासनीसाच्या हातात. २००९ च्या टूरमध्ये अस्ताना संघाला अशी सवलत मिळाल्याचा आरोप फ्रान्सच्या उत्तेजकविरोधी संस्थेने लेखी केला. यूसीआयने तो फेटाळला. सांगितल्याची वेळ आणि नमुना घेतल्याची वेळ दोन्ही जाहीर होत असत्या तर आरोपही लागला नसता आणि फेटाळणेही.

ईपीओ शिरेतून अगदी थोड्या मात्रेत रात्री घेतले तर सकाळपर्यंत लघवीतून बहुतेक निघून जाते, आणि ठोस संशय असल्याशिवाय रात्री अकरानंतर दार ठोठावले जात नाही. स्वतःचेच रक्त काढून ठेवून परत चढवले तर ते थेट पकडणारी चाचणी नाही. हीच फट बुजवायला २००८ मध्ये जैविक पासपोर्ट, म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या रक्तातल्या आकड्यांची सलग नोंद, आला. त्यातला एक हिशेब सांगतो. लिटरमागे हिमोग्लोबिन किती ग्रॅम ते घ्यायचे. रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या कोवळ्या तांबड्या पेशी, किती टक्के त्याचे वर्गमूळ काढून ६० ने गुणायचे आणि वजा करायचे. हिमोग्लोबिन १५०, कोवळ्या पेशी १ टक्का, तर उत्तर ९०. रक्त चढवल्यावर हिमोग्लोबिन १६० झाले, शरीराने नव्या पेशींचे उत्पादन आवरते घेतले आणि टक्केवारी ०.३६ वर आली, तर १६० वजा ३६, म्हणजे १२४. उत्तर असे चढले की संशय घ्यायचा. शिवाय तीन आठवड्यांच्या शर्यतीत रक्तातला द्रव वाढतो, त्यामुळे हिमोग्लोबिन उतरायला हवे. न उतरणे हीच खूण.

तज्ज्ञांना नाव न कळवता फक्त आकडे दिले जातात. व्यवस्था चांगली आहे, पण कुणाची फाइल तज्ज्ञांकडे जाणार आणि कधी, हे ठरवणारा माणूस कुठेतरी बसलेला असतोच. आर्मस्ट्राँगच्या २००९ आणि २०१० च्या टूरमधल्या सात नमुन्यांत कोवळ्या पेशी दबलेल्या होत्या. असे नैसर्गिकरीत्या घडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी, असे तज्ज्ञाने सांगितले ते २०१२ मध्ये, अमेरिकी संस्थेने विचारल्यावर. आकडे मात्र यूसीआयच्या दप्तरी आधीपासून होते.

उपचारासाठी बंदीतले औषध घेण्याच्या सवलतीचे तसेच. २०१४ च्या रोमँडी शर्यतीत ब्रिटिश सायकलपटू ख्रिस फ्रूमला प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांची, रोज ४० मिलिग्रॅमची, परवानगी यूसीआयच्या एकट्या डॉक्टरने दिली. समितीपुढे प्रकरण गेलेच नाही. फ्रूम आजारी नव्हता असे म्हणायचे नाही. पण एकाच सहीवर मिळालेली सवलत खरी असली तरी वशिल्याची वाटते, आणि त्याला संघटनाच जबाबदार. नंतर सगळे अर्ज समितीकडे जाऊ लागले, हे बरे झाले.

सर्वांत उघड पाठराखण मात्र देशोदेशींच्या महासंघांची. स्पेनच्या अल्बर्टो कॉन्टाडोरच्या नमुन्यात २०१० च्या टूरमध्ये क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेले औषध सापडले, मिलिलिटरमागे ५० पिकोग्रॅम. स्पॅनिश महासंघाने आधी एका वर्षाची बंदी सुचवली. शिक्षेला कायदेशीर आधार नाही असे पंतप्रधानांच्या कार्यालयाने ट्विट केले, आणि थोड्याच दिवसांत महासंघाने त्याला मोकळे सोडले. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने दोन वर्षांची बंदी घातली. दुसरा स्पॅनिश सायकलपटू आलेहांद्रो वाल्व्हेर्दे याचे रक्त २००६ मध्ये स्पेनच्या पोलिसांनी उत्तेजकांच्या तपासात पकडलेल्या रक्ताच्या पिशव्यांत होते, क्रमांक १८. स्पेनमध्ये काहीच हलले नाही. २००८ ची टूर इटलीच्या हद्दीत शिरली, तेव्हा इटालियनांनी त्याचा नमुना घेऊन डीएनए जुळवला आणि बंदी घातली. सायकलवरून सीमा ओलांडली नसती तर ती फाइल अजून तिथेच असती.

२०१५ पासून वरच्या पातळीवरच्या खेळाडूंची प्रकरणे घरच्या महासंघाऐवजी यूसीआयच्या स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे चालतात, २०२१ पासून चाचण्या आंतरराष्ट्रीय चाचणी संस्था घेते. घरची माणसे न्यायासनावरून उठली, हा मोठा फरक. पण प्रत्येक निर्णय तपशिलाने उघड होतोच असे नाही. २०१७ मध्ये फ्रूमच्या नमुन्यात साल्ब्युटामॉल हे दम्याचे औषध मिलिलिटरमागे २,००० नॅनोग्रॅम आढळले. लघवीच्या घनतेची दुरुस्ती करून १,४२९, मर्यादा १,२००. पुढची टूर सुरू व्हायला आठवडाही उरला नसताना तो निर्दोष ठरला. इटलीच्या दिएगो उलिसीला २०१४ मध्ये याच औषधाच्या १,९०० वर नऊ महिने बसावे लागले होते. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर असतीलही. बाहेरच्या माणसाला ताडून पाहता येईल असा सविस्तर निकाल हाती नसल्यामुळे लोक वकिलांच्या फीची तुलना करत बसतात.

मागण्या मोठ्या नाहीत. नियमातून सूट दिली तर कुणाला, कुणी आणि का, हे त्याच दिवशी जाहीर करावे. उपचाराच्या सवलती वर्षाला किती दिल्या, कोणत्या गटातल्या औषधांच्या, हे नावाशिवाय सांगावे. खेळात असलेल्या खेळाडूकडून किंवा संघमालकाकडून संघटनेने देणगी घेऊच नये. आणि संशयास्पद अहवालावर निर्णयाची मुदत ठरवावी. स्पेनमधल्या त्या दोनशेहून अधिक रक्ताच्या पिशव्या नष्ट करा, असे तिथल्या न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले होते. अपिलात त्या तपासासाठी द्यायचे ठरले २०१६ मध्ये. तोवर कारवाईची मुदत उलटून गेली होती.

आपला,
एक वाचक