पायाच्या बोटांनी ‘क’ ते ‘ज्ञ’ गिरवून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंना

प्रिय ताई,

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आटोपली. नेवऱ्यांचा डबा तुमच्याकडे पाठवला तेव्हा चिठ्ठी लिहायची राहून गेली. जे सांगायचं आहे ते चार लोकांनीही वाचावं, म्हणून हे उघड पत्र.

आषाढातल्या पावसात आमच्या घराच्या चिऱ्याच्या पायरीवरून मी घसरले. शेवाळ साचलेलं, पाय आत वळला आणि घोटा मुरगळला. फोंड्याजवळचा आमचा वाडा, म्हणजे आमची वस्ती, तुम्हाला ठाऊक आहे, हाक मारली की दहा माणसं जमतात. प्रत्येकाचा सल्ला एकच, बर्फ लाव. मी लावला. फ्रीजरमधले खडे थेट कातडीवर, तासतासभर. तीन दिवस पाय उशीवरून हलवला नाही. सूज थोडी उतरली, पण पाऊल टेकवायचा धीर होईना आणि घोट्यावर लालसर चट्टा उठला.

चौथ्या दिवशी तुमच्याकडे आले. तुम्ही आधी घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडा अंगठ्याने दाबून पाहिल्या, मग पावलाचं हाड, आणि म्हणालात, “चार पावलं टाकून दाखवा.” लंगडत का होईना, टाकली. हाड दुखत नाही, चार पावलं चालता येतं, म्हणजे एक्स-रेची गरज नाही. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेला हा नियम तुम्ही मला समजावून सांगितलात. इतक्या फुरसतीने पेशंटला कोण सांगतं?

मग तो चट्टा पाहिलात. रागावला नाहीत. ओल्या कापडात बर्फ गुंडाळून माझ्या घोट्यावर स्वतः धरलात. दहा मिनिटं ठेवायचा, दहा मिनिटं काढायचा, पुन्हा दहा मिनिटं. तुमचं एक वाक्य मी अजून घोकते: “बर्फ दुखणं बधिर करतो, लिगामेंट सांधत नाही.” लिगामेंट म्हणजे हाडाला हाड जोडणारा पट्टा. गारव्याने नसांमधून जाणारा दुखण्याचा निरोप मंदावतो. म्हणूनच बर्फ काढल्या काढल्या उड्या मारायच्या नाहीत, कारण पाऊल कुठे पडतंय याचं भानही तेवढा वेळ कमी झालेलं असतं.

घरी येऊन मी वाचत बसले. २००६ च्या अल्स्टर विद्यापीठातल्या अभ्यासात ८९ जणांवर हीच दहा-दहा मिनिटांची पद्धत सलग वीस मिनिटांच्या बर्फाशी ताडून पाहिली होती. दहा-दहा मिनिटांवाल्यांचं पहिल्या आठवड्यात हालचाल करताना दुखणं कमी, पण घोट्याच्या कामात, सुजेत फरक नाही. तिथल्याच मंडळींनी २०१० मध्ये दाखवलं की पहिल्याच आठवड्यात व्यायाम सुरू केला तर घोटा लवकर कामाला लागतो. विश्रांती, बर्फ, पट्टीचा दाब आणि पाय उंच ठेवणं हा ‘राइस’ (RICE) मंत्र १९७८ मध्ये देणाऱ्या डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं. तुम्ही बोललात ते सगळं जुळत होतं.

आणि ती बाराखडी! खुर्चीत बसून अंगठ्याने हवेत ‘क’ ते ‘ज्ञ’ लिहायचं. तीस वर्षं मुलांकडून अक्षरं गिरवून घेतली, आता माझं पाऊल शिकत होतं. ‘ळ’ला घोटा करकरायचा. दहाव्या दिवशी तो सहज वळला आणि माझे डोळे भरून आले. मग दात घासताना एका पायावर उभं राहणं, आधी ओट्याला धरून, नंतर न धरता. तुम्ही म्हणालात, हे सोडलं तर तोच घोटा पुन्हा मुरगळतो. अजून सोडलेलं नाही.

चवथीला माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवाखाली, फुगडी झाली. मी दोन फेऱ्या घातल्या, बेताने. तिसरीला सूनबाईने हात पुढे केला, तेव्हा तुमची आठवण काढून थांबले. देवदिवाळीनंतरच्या जत्रेपर्यंत तिसरीही होईल असं वाटतं.

शेजारच्या नातवाचा पाय परवा फुटबॉल खेळताना मुरगळला. लोक बर्फाचे खडे घेऊन धावले. मी आधी कापड ओलं केलं, चार पावलं चालवून पाहिलं, आणि त्याला तुमच्याकडे धाडलं आहे.

तुमची,
वाड्यावरची बाई